चाक देणारी

ती सायकल त्यांनी माझ्यादेखत धुतली.

१९९८ साल. धामापूरला तळ्याच्या अलीकडे एका बागायतदाराचं घर. आई मासळीची पाटी घेऊन खळ्यात, त्यांच्या अंगणात, बसलेली. पायरी चढायची नाही, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नव्हतं. मुंबईहून आलेल्या नातीची गियरची सायकल भिंतीला टेकवली होती, ती घसरून पडली. मी उचलली. एवढंच. बागायतदारीण ओटीवरूनच गड्याला म्हणाली, "मासळीचो हात लागलो तिका. धुवून काढ."

गड्याने बादली ओतली. मग साबण. मग परत बादली. नात वर उभी राहून बघत होती. मी खाली, ओल्या खळ्यात. आईने मान वर केली नाही. उलट उठताना चार बांगडे फुकट टाकले. माझ्या हाताची भरपाई.

वाटेत म्हणाली, "हात कित्याक लावलंस गो?"

"पडली म्हणान उचललंय."

"पडली तर पडांदे."

आमचं घर मालवणात, किनाऱ्याला. बाबा दुसऱ्याच्या रापणीचं जाळं किनाऱ्यावरून ओढायला जायचे. मासळी आली तर वाटा, नाही तर रिकामे हात. ट्रॉलर वाढले तसे रिकामे हातच जास्त. आई पाटी घेऊन एस.टी.ला उभी राहायची आणि कंडक्टर तिला बघून घंटी मारायचा. वास येतो म्हणे. ह्याच लोकांना रविवारी ताटात सुरमई हवी. ताटात वास येत नाही. एस.टी.त येतो.

म्हणून बाबांनी कुडाळच्या बाजारातून एक जुनी सायकल आणली आणि पाटी माझ्या कॅरियरवर आली. डांबरी रस्ता लांबचा, मी सड्यावरून, उघड्या माळावरून जायची. खडबडीत कातळ, काजूच्या बागांतून सुटलेल्या घसरड्या पायवाटा. पाटी सांडली की दिवस बुडाला. त्यामुळे पडायचं नाही, हे अंगातच बसलं. पुढे पुण्याच्या लोकांनी ह्याला टेक्निक म्हटलं आणि विचारलं, कुठल्या कोचकडे शिकलीस. मी म्हटलं, गरजेकडे. त्यांना विनोद वाटला.

मी बी.ए. झाले. आमच्या घरात त्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. कॉलेजात असताना आंबोलीत डोंगरातली सायकल शर्यत झाली, मी उधारीच्या सायकलवर जिंकले, आणि पुण्याच्या एका सायकल व्यापाऱ्याने मला त्याच्या टीममध्ये घेतलं. पगार, राहायला खोली, उत्तम सायकल. मला वाटलं, सुटले.

खोलीतल्या मुलींनी पहिल्याच दिवशी माझी सुकटीची पिशवी गॅलरीत ठेवली. माझं नाव पडलं सुरमई. ए सुरमई, पाणी आण. ए सुरमई, आज आंघोळ केलीस ना? मालकाची पुतणी ह्या टीमची पहिली रायडर होती. वाईट चालवत नव्हती. पण माझ्यापुढे नव्हती, आणि हे तिलाही माहीत होतं.

ह्या खेळात मागून गाडी येत नाही. जंगलात टायर फुटला तर मदत फक्त आपल्याच टीमची रायडर करू शकते. मॅनेजरने मला नियम समजावला. तिचं चाक गेलं की तुझं काढून द्यायचं. मी विचारलं, माझं गेलं तर? हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

नाशिकजवळच्या शर्यतीत मी सगळ्यांच्या पुढे होते. चढाच्या टोकावर मॅनेजर उभा होता. मागे तिचा टायर फुटलाय, थांब. मी थांबले. ती सायकल ढकलत आली, मी माझं पुढचं चाक काढून दिलं, ती बसली आणि गेली. थँक्यूसुद्धा नाही. मी बिनचाकाची सायकल खांद्यावर घेऊन डोंगर उतरले. एकेक रायडर मला ओलांडून गेली.

संध्याकाळी पार्टी. पुतणीच्या गळ्यात पदक. मालकाने पाहुण्यांना माझी ओळख करून दिली.

"ही आमची स्पेअर."

सगळे हसले. मीही हसले. मीसुद्धा.

शेजारच्या दुकानातल्या फोनवर आईला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. वाटलं, समजूत काढेल.

"मी गप ऱ्हवलंय, कारण पोट होता," ती म्हणाली. "तू शिकलंस ती कित्याक?"

फोन तिनेच ठेवला.

पुढची शर्यत महाबळेश्वरकडच्या जंगलात होती. शेवटची फेरी. ह्या वेळी पुतणी माझ्या थोडी पुढे होती. अरुंद उतारावर वळले तर ती वाटेच्या मधोमध उभी, टायर फुटलेला, हात पुढे केलेला. विनंती नव्हे. गड्याकडे बादली मागावी तसा.

"सुरमई, चाक."

मी ब्रेकला हात लावला नाही.

"वाट सोड."

तिला वाटलं, मी थांबेन. अगदी शेवटच्या क्षणी ती झुडपात सरकली. मी पहिली आले. मॅनेजरने तिथेच माझ्या हातातून सायकल काढून घेतली. म्हणाला, तुम्हा लोकांना वर आणलं की असंच होतं, जा आता मासे विकायला. मी म्हटलं, माशांवरच मी शिकले. तुम्ही कशावर शिकलात?

पगार बंद झाला, खोली गेली. मी मालवणला परत आले आणि खरंच मासे विकले, सकाळी. दुपारी सड्यावर सराव. एका गोव्याच्या टीमने बोलावलं तेव्हा पहिल्या भेटीतच मी सांगितलं: चाक देणार नाही, मागणारही नाही, शर्यत जिंकायलाच उतरणार. चालत असेल तर बोला. त्यांना चाललं.

२०१० साली मी देशात पहिली आले. एक वार्ताहर घरी आला होता. त्याने विचारलं, पुण्याच्या मालकांनी तुम्हाला पहिली संधी दिली, त्यांचे आभार मानाल ना?

नाही म्हटलं. आणि तसंच छापायला सांगितलं.