नागिणीचं मलम आणि बनाबाईची बोटं

उमरग्याजवळच्या गावात दूध संस्था निघाल्यापासून कॅन बनाबाईच धुवायची. रोज चाळीस कॅन. सोड्याचं कढत पाणी, काथ्या, मग दोनदा साधं पाणी. तिनं धुतलेल्या कॅनातलं दूध कधी नासलं नाही. दुष्काळात खडी फोडलेल्या हातांना हे काम सुखाचं वाटायचं.

अठ्ठ्याऐंशी साली बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलली. खाली लालभडक. सोडा लागला की जीव जायचा. सचिव कल्याणप्पांनी पाहिलं.

"बनाबाई, असले हात कॅनात न्हाय चालायचे. तीन आठवडे देतो. न्हायतर दुसरी बाई बघतो."

शेजारी गुंडप्पा राहायचा. संस्थेत भरले कॅन टेम्पोत चढवायचा. त्याला नागीण झाली होती. गेरूचे लेप देऊन भागलं नाही. सोलापूरच्या डॉक्टरनं नव्या गोळ्या, मलम दिलं अन् नागीण सुकली. उरलेलं मलम त्याच्या बायकोनं, प्रेमाबाईनं, आणून दिलं.

"लाव, अक्का. नागीण मेली यानं, तुझ्या बेचक्यांचं काय घेऊन बसलीस!"

बनाबाईनं दिवसातून पाचदा लावलं. आठ दिवस, एक खेप चुकली नाही. पांढरं पुढच्या बोटात सरकलं. तशी तिनं उमरग्याची एसटी धरली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मलम पाहिलं. "मेहनत खरी, औषध चुकीचं. नागीण विषाणूमुळं होते, हे औषध त्याच विषाणूवर चालतं. तुमच्या बोटांत बुरशी आहे."

"म्या शंभरदा लावलं तरी?"

"हजारदा लावा. बुरशीला त्याचं काहीच वाटत नाही."

बाईंनी कातडी खरवडून काचेवर घेतली, थेंब टाकला, सूक्ष्मदर्शक तिच्याकडं वळवला. बनाबाई वाकली. बारीक गोल दाणे, दाण्याला दाणा फुटलेला.

"अगं बया! ह्याला तर मोड आलेत!"

"शिळ्या ताकावर पांढरी साय धरते ना, त्याच जातीचं. ओल मिळाली की वाढतं. हे बुरशीचं मलम लावा. अन् हात कोरडे ठेवा."

हात कोरडे! कॅन धुणारीनं? एसटीत तिनं तेवढाच विचार केला. उतरली ती थेट गुंडप्पाकडं.

"उद्यापासून कॅन तू धू. चढवायचे म्या."

"अक्का, भरला कॅन हाय, कंबर मोडंल!"

"माझी कंबर माझी. तुझ्याच घरच्या मलमानं आठ दिवस गेले माझे."

गुंडप्पा काथ्या घेऊन बसला. बनाबाई कॅन चढवायची, घाम आला की बोटं पुसायची, सकाळ-संध्याकाळ मलम लावायची. चौथ्या दिवशी आग थांबली. दहाव्या दिवशी पांढरं गेलं. गुंडप्पा मात्र रोज कुरकुरायचा, "लई वाईट काम हाय हे."

मुदतीच्या एकविसाव्या दिवशी कल्याणप्पा आले. बनाबाईनं दोन्ही हात कोपरापर्यंत सोड्याच्या पाण्यात घातले. कल्याणप्पांनी तोंड वाकडं केलं. तिनं केलं नाही.

"न्हाय झोंबत! आप्पा, बघा की, न्हाय झोंबत!"

बोटं फाकवून तिनं त्यांच्या नाकासमोर धरली. कल्याणप्पांनी एकेक बेचकं पाहिलं.

"धुवा मग," ते म्हणाले. "अन् कॅन झाले की हात कोरडे करा. फडकं संस्था देईल."

गुंडप्पानं काथ्या कधीच खाली टाकला होता.