देवळालीच्या काकांची जीप आणि दहावीचा पेपर

कळवणच्या पुढे, काळ्या मातीच्या रस्त्यात आमची जुनी जीप रुतून बसली होती… आणि मागच्या बाकांवर माझ्या वर्गातल्या चार मुली, दहावीच्या पहिल्या पेपरला निघालेल्या.

साल दोन हजारच्या मागचं-पुढचं असेल. मी तिकडे एका गावात शिक्षिका होते, नवरा नाशिकला नोकरीला. मार्च महिना, पण आदल्या संध्याकाळी गारांसह अवकाळी पाऊस झालेला. सकाळची एसटी आलीच नाही. मग म्हटलं, चला, आपल्या गाडीने जाऊ.

ही गाडी आम्ही देवळाली कॅम्पच्या एका काकांकडून घेतली होती. मिलिटरीतून रिटायर झालेले. जीप फोर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे गरज पडली की चारही चाकं ओढणारी. वयाने मात्र जवळजवळ माझ्याएवढी!

काकांची अट विचित्र होती. गाडी चालवणाऱ्याने आधी काही रविवार त्यांच्याकडे येऊन ती शिकायची, मगच चावी मिळणार. नवरा म्हणाला, "चालवणार तू, तूच जा." गेले. पहिल्याच रविवारी काकांनी मला गाडीखाली झोपवलं… अंगावर काकूंचा जुना गाऊन, हातात ग्रीस गन.

तर, त्या सकाळी. मी छोटा गिअर टाकला, हळूच क्लच सोडला. मागची चाकं चिखल उडवत जागच्या जागी फिरली, पुढची ढिम्म. एका मुलीचे वडील, तुळशीराम भाऊ, माझ्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "म्याडम, कायबी करा, पण पोरींचा पेपर चुकाय नाय पायजे. लय अभ्यास केलाय त्यांनी."

मला एकदम आठवलं… हब! त्या जीपला पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल चकती होती. खाली उतरून ती हाताने फिरवायची, तेव्हाच पुढची चाकं इंजिनाला जोडली जायची. नुसता गिअर टाकून काहीच होत नसे.

साडी खोचून उतरले. उजवीकडची चकती फिरली. डावीकडची फिरेना. आणि एक लावून उपयोग नव्हता, दोन्ही लागल्याशिवाय पुढची चाकं ओढणार नव्हती.

तुळशीराम भाऊंनी पाना उचलला. "ठोकू का?"

"नको नको, तुटेल!" मी जवळजवळ ओरडलेच. काकांनी बजावलं होतं… अडली तर मारायचं नाही. डिझेलने माती धुवायची, चाक जरासं पुढे-मागे हलवायचं, आणि मग हाताने फिरवायचं.

कॅनमधलं डिझेल ओतून, फडक्याने सगळा चिखल पुसला. मुली चपला गाडीतच काढून ठेवून न सांगता खाली उतरल्या. त्यांनी आणि भाऊंनी गाडीला खांदा लावला. गाडी वीतभर मागे सरकली असेल-नसेल, माझ्या बोटांखाली 'खट्' झालं.

पळत जाऊन स्टिअरिंगवर बसले. छोटा गिअर… ॲक्सिलेटर जपून… गाडीने एकदा अंग झटकलं आणि अगदी बैलाच्या चालीने बाहेर आली. मुली आणि भाऊ चिखलातून ओरडत मागे धावले आणि गाडीत चढले. पुढचा नाला भरून वाहत होता, चाकं निम्मी बुडाली, पण गाडी थांबली नाही.

केंद्रावर पोचलो तेव्हा घंटा वाजत होती. मुलींचे पाय गुडघ्यापर्यंत काळे. दारावरच्या बाई बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, "नळावर पाय धुवा आणि पळा आत!" तुळशीराम भाऊ झाडाखाली जे बसले ते पेपर सुटेपर्यंत हलले नाहीत. मी गाडीत बसून चक्क रडले.

रविवारी पेढे घेऊन देवळालीला गेले. वाटलं, काका खूश होतील, पाठ थोपटतील. मी सगळं रंगवून सांगितलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी मात्र एकच विचारलं, "नाल्यात पाणी किती होतं?"

"चाकाच्या निम्म्यापर्यंत."

पेढा तसाच बशीत ठेवून ते उठले. पांढऱ्या स्वच्छ पायजम्यात, त्या वयात, सरळ जीपखाली शिरले. पुढच्या ॲक्सलचा, म्हणजे चाकांच्या कण्याचा, नट सैल केला आणि मला हाक मारली, "इकडे ये, बघ."

आतून ऑइल आलं ते दुधाळ… चहासारखं. नाल्याचं पाणी आत गेलं होतं. आणखी काही दिवस तशीच चालवली असती, तर आतले गिअर झिजून गेले असते. कदाचित भर घाटात, मुलींना पुढच्या पेपरला नेताना…

काका रागावले नाहीत. म्हणाले, "तिने तुला पार नेलं ना? आता तिच्याकडे बघायची पाळी आपली."

मग दुपारभर आम्ही दोघं जीपखाली होतो. जुनं ऑइल काढलं, नवीन भरलं, पाणी अडवणारं सील बदललं. काकू मधूनच वाकून पेढा भरवून जात होत्या… हात दोघांचेही काळे!

काका आता नाहीत. त्या मुली उरलेल्या सगळ्या पेपरांना त्याच गाडीतून गेल्या, आणि चौघीही पास झाल्या.

त्या रविवारी देवळालीहून निघताना मी काकांच्या पाया पडायला वाकले, तर ते पटकन मागे सरकले. "आधी हात धू. पायजमा एकच धड उरलाय!"

हात धुतले… आणि मग मनापासून नमस्कार केला.