धाकट्या जावेचा निगेटिव्ह रिपोर्ट

माधव नगरला आम्ही दोघी जावा एकाच घरात राहतो, मी वर आणि ती खाली. तिला सगळं सहज मिळतं, हे मला ती लग्न होऊन आल्यापासून सलतं. ती अंगाला काही लावून घेत नाही आणि पडल्या पडल्या घोरायला लागते.

फ्रीगंजमधल्या हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे मला तीच घेऊन गेली. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी दोघींनी करून घ्यायची, असा तिचा हट्ट. मी म्हटलं, माझी पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशींची तपासणी, मागे झालीय, नॉर्मल होती.

डॉक्टर म्हणाल्या, "पैप में कभी-कभी छूट जाता है. सैंपल ठीक न आए, देखनेवाले की नज़र चूक जाए. अब हम सीधे उस वायरस की जाँच करते हैं जिससे ये कैंसर होता है."

रिपोर्ट आले. तिचा निगेटिव्ह, म्हणजे पाच वर्षं बघायला नको. माझा पॉझिटिव्ह.

"इसका मतलब कैंसर नहीं है," डॉक्टरांनी फोनवर समजावलं. "वायरस बहुतों को होता है, बरसों चुप बैठा रहता है. किसी के चाल-चलन का सर्टिफ़िकेट नहीं है ये. बस, अंदर से एक बार देखना पड़ेगा."

जाऊ धावत वर आली. "वहिनी, टेंशन नका घेऊ हो."

"तुझं काय जातंय म्हणायला!"

ती खाली गेली. थोड्या वेळाने तिच्या कुकरची शिट्टी झाली, मग फोनवरचं हसणं ऐकू आलं. मी गॅलरीत उभी राहून ते हसणं ऐकत होते आणि आतून जळत होते. दोघी सख्ख्या भावांच्या बायका, कितीतरी वर्षं एकाच चुलीवरचं जेवलेल्या. मग त्या वायरसला मीच बरी सापडले!

दुर्बिणीतून तपासायच्या दिवशी तीच सोबत आली. नवऱ्याला मीच नको म्हटलं होतं. डॉक्टरांनी आत व्हिनेगरसारखं काहीतरी लावलं, भिंगातून पाहिलं. एक जागा पांढरी दिसली, तिथला बारीक तुकडा त्यांनी तपासायला घेतला. मी बाहेर जावेशेजारी येऊन बसल्यावर त्यांनी विचारलं, काही शंका? माझ्या तोंडून निघून गेलं, "मैडम, इसका निगेटिव गलत भी हो सकता है न?"

डॉक्टर हसल्या. "हो सकता है, पर बहुत कम. पैप से तो बहुत ही कम. अपनी छोड़कर देवरानी की फ़िक्र कर रही हैं आप!"

जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझा हात धरला. मला तिची काळजी नव्हती, मला सोबत हवी होती. पण ते कुणाला सांगणार? मी हात तसाच राहू दिला.

तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण पेशी त्या वाटेला लागल्या होत्या. विजेच्या तारेच्या छोट्या फासाने तेवढा भाग काढून टाकला आणि संध्याकाळी मी घरी आले. पुढचे काही दिवस तिने मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. तिच्या हातची खिचडी चांगली होती, याचाही मला राग आला.

वर्षाने परत तपासणी झाली. वायरस गेला होता. "पैप के भरोसे रहतीं तो शायद देर हो जाती," डॉक्टर म्हणाल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा शांत झोपले.

जाऊ मात्र प्रत्येक हळदीकुंकवाला ती गोष्ट सांगते. "स्वतःवर एवढं आलेलं, आणि वहिनींनी आधी माझंच विचारलं!" मग कुठली तपासणी, कशी करतात, पॅप आणि ही यात फरक काय, सगळं नीट समजावते. बायका वाण हातात धरून ऐकत राहतात. आजार माझा, पण सांगणारी ती. यंदा तिचं ऐकून गल्लीतल्या दोघी तपासून आल्या आणि रिपोर्ट चांगले आले म्हणून पेढे घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या. मी वरून पाहिलं. जिना उतरून खाली जावं की नाही, हे ठरेपर्यंत तिने हाक मारली आणि मला जावंच लागलं.