उजव्या खांद्यावरची पाकळी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. गावच्या देवीची पूजा रोज माझ्या हातून होते, तिच्यासमोरही तोंडाने कधी बोललो नाही. तिने पाहिलेलंच आहे म्हणा — पण पाहिलेलं वेगळं आणि सांगितलेलं वेगळं. तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून सांगतोय असं म्हटलं तर तेही अर्धं खोटं. सांगतोय, कारण परवा जे झालं त्यानंतर मला माझा इतका संताप आलाय की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. आणि तेही मी करणार नाही, हे मला ठाऊक आहे.

सुरुवात कुठून करू? सायकलपासून करतो. सायकल सोपी आहे.

आमची वाडी अणशीजवळ, जंगलात. अणशीच्या पुढे रस्ता घाटाने खाली उतरतो. ऐंशीच्या सुमाराला मी सतरा-अठरा वर्षांचा होतो, तेव्हा आम्ही चार-पाच जण तो घाट सायकलने उतरायचो. काळ्या, जड, दूधवाल्यांकडे असतात तसल्या सायकली. खाली गेलो की लाकडाच्या लॉरीवर टाकून त्या परत वर आणायच्या. ब्रेक कमीत कमी कोण लावतो, एवढाच खेळ. मी पहिला यायचो. नेहमी.

मग एका वळणावर ब्रेकची सळी तुटली आणि मी कठड्यावरून खाली करवंदीच्या जाळीत गेलो. पाय दोन ठिकाणी मोडला. बेळगावला जोडला, पण जरा तिरकाच बसला. त्यानंतर दहा-बारा वर्षं मी उतारावर सायकलवर बसलो नाही. चढ असला की बसायचो, उतार आला की उतरून हातात धरून चालायचो. गावाने नाव ठेवलं — कठड्या. माझ्या लग्नातसुद्धा कुणीतरी मांडवात ओरडलं, कठड्या, जपून! सगळे हसले. मीही हसलो. काय करणार?

नव्वदनंतर कुळगीला वनखात्याच्या कॅम्पात तंबू ठोकायच्या रोजंदारीवर गेलो होतो. तिथे शहरातली दोन पोरं आली होती, त्यांच्याजवळ मी आयुष्यात पहिल्यांदा गिअरची सायकल पाहिली. सरळ हँडल, जाडजूड खाचांचे टायर. एकाने मला फिरवायला दिली. कॅम्पाचा रस्ता थोडासा खाली जातो, तिथे मी ती सोडली आणि दोन बोटांनी ब्रेक दाबला — सायकल थांबली. दोन बोटांनी! पोटात बारा वर्षं बसलेली भीती जागची हलली, एवढंच सांगतो. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

पण पैसे? बेळगावच्या दुकानदाराला अर्धे रोख हवे होते आणि उरलेल्या हप्त्यांसाठी पगारदार जामीन. आमच्या वाडीत पगारदार कोण, तर शाळेचे मास्तर, आणि ते आधीच तिघांना जामीन राहून पस्तावलेले. मग सोसायटीत गेलो. तिथल्या कारकुनाने विचारलं, सायकल कशाला पायजे? मी खरं सांगितलं — घाट उतरायला. तो सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाला, "उतरायला कर्ज कशाला रं? ढकलून दिलं की जातंय की खाली!"

अजून आठवलं की डोकं फिरतं. बैलाला कर्ज आहे, पंपाला आहे, मुलीच्या लग्नात गाव जेवायला घालायला आहे. माणसाला आपली हरवलेली हिंमत परत मिळवायची असेल तर त्याला मात्र हसणं. का? तो काय माणूस नाही? — पण थांबा. हा राग मी किती वर्षं पुढे करत आलोय, हे माझं मला माहीत आहे. त्या कारकुनाने फक्त हसण्याचं पाप केलं. पुढचं सगळं मी केलं.

राहिली भिशी. वाडीतली वीस घरं दर महिन्याला पैसे घालतात, एकेकाला सगळी रक्कम मिळते. एकाच महिन्यात दोघांना नड असली की आम्ही चिठ्ठी टाकत नाही. देवीचा कौल घेतो. तिच्या काळ्या पाषाणाच्या दोन खांद्यांवर तगरीच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, उजवी एकाची, डावी दुसऱ्याची. ज्याची आधी पडेल त्याची भिशी. चिठ्ठीवरून भांडणं होतात, कौलावरून आमच्याकडे आजवर झालेलं नाही. देवीने दिलं म्हणजे दिलं.

त्या वैशाखात दोन नावं आली. एक माझं. दुसरं शेवंतावैनीचं.

शेवंतावैनी म्हणजे आमच्या शेजारच्या घरातली. तिचा नवरा गोव्यात खाणीवर कामाला, वर्षातून दोनदा यायचा. माझा पाय मोडला तेव्हा ती नवी नवरी होती, आणि रोज नाचणीची आंबील घेऊन माझ्या अंथरुणापाशी बसायची. तिने खानापूरकडची एक दुभती म्हैस बघून ठेवली होती. घाटाच्या तोंडाशी चहाची दुकानं आहेत, तिथे दूध घालायचं आणि नवऱ्याला कायमचा घरी बोलवायचा. सगळं ठरवलं होतं तिने. दावंसुद्धा वळून ठेवलं होतं.

आणि मला काय हवं होतं? उतार.

पूजा तेव्हा माझे थोरले काका करायचे. डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापायचे, म्हणून सकाळी देवीला अंघोळ घालून पुसायचं काम माझं. फणसाचे दिवस होते. येताना मी आमच्या फणसाला कोयत्याने चीर दिली आणि पानावर थोडा चीक घेतला. देवीला अंघोळ घातली, नीट कोरडं पुसलं, आणि उजव्या खांद्यावर तो चीक बोटाने चोपडला. उजवा खांदा शेवंतावैनीचा, हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. मग खोबरेल तेल लावून हात साफ केले, कारण फणसाचा चीक पाण्याने जात नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

माझा हिशोब काय होता? तिची पाकळी जरा उशिरा पडेल, एवढाच. ह्या महिन्यात मी, पुढच्या महिन्यात ती. म्हैस काय महिन्याभरात पळून जाते? असा मी स्वतःशी बोललो. देवीच्या अंगाला हात लावून असा बोललो.

काकांनी पाकळ्या लावल्या. सगळी वाडी सभामंडपात बसलेली. डावी पाकळी थोड्या वेळात पडली. लोक माझ्याकडे बघून हसले. पण उठलं कुणी नाही, कारण दुसरीही पडू द्यायची अशी रीत आहे — ती पडली म्हणजे देवीने दोघांनाही आपलं म्हटलं. आणि ती पडेना. ऊन कलतं झालं तरी पडेना. वाळून कड वळली, तरी खांद्याला घट्ट. चीक जास्त झाला होता.

संध्याकाळी गावचे बुधवंत उठले. बुधवंत म्हणजे आमच्यात ज्यांच्या शब्दापुढे शब्द नाही ते. म्हणाले, "देवीनं धरून ठेवलीया तिला. कायतरी दोष हाय."

बस्स. एवढ्या एका वाक्याने! मला सांगा, वाडीतल्याच ज्या माणसाने देवराईतली दोन झाडं रातोरात तोडून स्वतःच्या घराला वासे घातले, त्याची पाकळी देवीने कधी धरली नाही, आणि कुणाला त्याचं नवलही वाटलं नाही. पण म्हशीसाठी दावं वळून बसलेल्या बाईत दोष आहे, हे वीस घरांना तिथल्या तिथे पटलं. तिला भिशीतून काढली — दोष सापडेपर्यंत देवीच्या साक्षीचे पैसे तिच्या हातात नकोत म्हणे. घातलेले पैसे परत दिले. म्हैस दुसऱ्याने नेली. बायका तिला ओटी भरायला बोलवेनात. आणि तिचा नवरा गोव्याहून आला, त्याने पहिला प्रश्न काय विचारला? मी नसताना काय केलंस? भांड्यांचा आवाज मी माझ्या अंगणात उभा राहून ऐकला. तो परत गेला, तो पुढे वर्षातून एकदाही येईनासा झाला. ह्या सगळ्यांच्या तोंडात मारावंसं वाटायचं मला. खरंच वाटायचं. हाताला फणसाचा चीक लावून घेतलेला माणूस आणि त्याला दुसऱ्यांच्या तोंडात मारायचं होतं!

चौथ्या दिवशी अंघोळ घालताना मी तेल लावून ती पाकळी काढली. काकांना सांगितलं, पडली. ते म्हणाले, तीन दिस धरली की रं बाईला.

सायकल आली. बेळगावच्या बसच्या टपावरून आली, लाल रंगाची. तुम्हाला वाटत असेल, तिच्यावर बसल्यावर माझं मन मला खात असेल. नाही. खोटं कशाला बोलू? पहिल्या सकाळी मी घाट उतरलो आणि ज्या वळणावर पडलो होतो तिथे एकदाही पाय न टेकता निघून गेलो, आणि मोठ्याने हसलो. एकटाच. इतका आनंद मला पोरगा झाला तेव्हाही झाला नव्हता. त्यानंतर मला कुणी कठड्या म्हटलं नाही. आजही उतरतो मी. गिअर गंजले, पण ब्रेक चांगले आहेत.

तुम्ही म्हणाल, झालं, हीच ती चूक. मीही बरीच वर्षं असंच धरून चाललो होतो, कारण ही चूक तशी सोसण्यासारखी आहे. तरुण होतो, हाव सुटली, चीक जास्त झाला. पण मला जे सांगायचंय ते हे नाही.

दोन वर्षांनी काका वारले आणि पूजा माझ्याकडे आली. त्या वर्षी भादव्यात शेवंतावैनी एकटीच देवळात आली. नारळ ठेवला आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, "भाऊजी, मला घावला माझा दोष."

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचं मूल तापाने फणफणलं होतं. घरात जुना तांदूळ संपलेला. खळ्यात नवं भात येऊन पडलं होतं, पण नव्याचा सण व्हायचा होता — आमच्याकडे नव्या भाताची कणसं आधी देवीला, मग माणसाच्या तोंडात. तिने मूठभर भात सडून त्या पोराला पेज पाजली. देवीच्या आधी. कुणाला सांगितलं नाही. आपल्या आयुष्याचा कोपरा न् कोपरा दोन वर्षं झाडून काढला होता तिने, आणि सापडलं काय, तर आजारी लेकराच्या तोंडात घातलेली वाटीभर पेज.

ती माझ्याकडे बघत होती. देऊळ रिकामं होतं. कुणी ऐकायला नव्हतं. एक वाक्य — वैनी, तुझा काही दोष नाही, चीक मी लावला. त्या वाक्याला लागतं किती? घाट उतरायची हिंमत परत मिळवली म्हणून छाती काढून हिंडणारा मी!

मी म्हणालो, "व्हय वैनी. तेच असंल."

ही माझी चूक. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. वर मी तिच्यासाठी देवीला गाऱ्हाणंसुद्धा घातलं — ह्या तुझ्या लेकीकडून काय चुकलंमाकलं असंल ते पदरात घे, माये — मोठ्याने, नीट, काका घालायचे तसं. ती रडली, आणि तिला बरं वाटलं. बरं वाटलं! त्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त चीड येते.

तेव्हापासून दर वर्षी नव्याला सगळ्या वाडीच्या आधी तिची कणसं येतात. यंदा पाऊस लांबला, सणही लांबला. तिच्या घरातला जुना तांदूळ संपून गेला होता, मला ते माहीत होतं, भिंतीला भिंत लागून आहे. परवा नव्याच्या दिवशी उजाडताच ती कणसांची जुडी घेऊन आली. ओठ सुकलेले, पण चेहरा हसरा.

"आठ दिस उकडलेल्या कंदांवर काढले, भाऊजी. नव्याला हात लावला न्हाई," म्हणाली. आणि मग देवीच्या उजव्या खांद्याकडे बघून, हळू आवाजात, "आता कौल लावला तर पडंल नव्हं पाकळी?"

त्या खांद्यावर चिकाचा खरबरीत डाग अजून आहे. रोज पुसतो, तेव्हा माझा अंगठा त्याच्यावरून जातो.

मी तिच्या हातातून कणसं घेतली आणि म्हणालो, "देवीलाच ठावं, वैनी."