आईचं माहेर विचारणारं कुलूप

शिरूरच्या बसस्थानकामागं माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका हा मुख्य धंदा. बाकी पावतीपुस्तकं आणि निवडणुकीची पत्रकं. शेजारच्या गाळ्यात धनश्रीचं नेट कॅफे होतं. ‘होतं’ म्हणतोय म्हणून ते बुडालं असं समजू नका. आता तिथं झेरॉक्स आणि दाखल्यांचं काम चालतं, पाटी तीच आहे. बुडायची वेळ मात्र आली होती, आणि ती कशी टळली हे मी शेजारी बसून पाहिलंय.

धनश्री जवळच्याच कवठे येमाई गावची. तिचे वडील हरिबा. त्यांचे बाप-आजे मेंढरांमागं मुलूखभर फिरले, हरिबांनी मात्र विहीर पाडली, कांदा लावला आणि एका जागी राहिले. पोरीनं कॉम्प्युटरचा कोर्स केला तेव्हा त्यांनी उरलेली मेंढरं विकली आणि तिला हा गाळा मांडून दिला. मेंढरं गेली त्या दिवशी ते माझ्याकडं येऊन नुसते बसून राहिले. चहा दिला, तो तसाच गार झाला.

दुकान चाललं. रांजणगावच्या कारखान्यातली पोरं यायची, परीक्षेचे निकाल बघायला कॉलेजच्या मुली यायच्या. कुणालाच इंग्रजी अर्ज भरता यायचा नाही, मग ईमेलचं खातं धनश्रीच काढून द्यायची. पासवर्ड विसरला तर ओळख पटवायला एक प्रश्न निवडावा लागे. यादीत पहिलाच प्रश्न आईच्या माहेरच्या आडनावाचा. धनश्री तोच घ्यायची आणि खणखणीत आवाजात विचारायची, “आईचं माहेर?” समोरचाही तेवढ्याच मोठ्यानं सांगायचा. भिंतीपलीकडं मला सगळं ऐकू यायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडं ती लपवायची गोष्ट आहे का? लग्नात मामा मुलीला मांडवात आणतो, त्याचं नाव पत्रिकेत गावासकट छापावं लागतं. एखादा मामा राहिला तर माझ्या छापखान्यावर भांडायला येतात. मी सहा-सहा मामा छापलेत एकेका पत्रिकेत.

दोन हजार पाच साली केंदूरच्या सोपानरावांची शितल धनश्रीकडं यायला लागली. त्यांची भाजी आणि झेंडूची शेती, पोरगी बी.एस्सी. झालेली. तिला बंगळूरच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली. आठवड्यात होकार कळवायचा होता. घरी विचारून ती आली तर खातं उघडेना, पासवर्ड कुणीतरी बदललेला. धनश्रीनं तो माहेरचा प्रश्न वापरून उघडून दिलं. आत पाहिलं तर शितलच्या नावानं नकार गेलेला. कंपनीनं जागा दुसऱ्याला दिली होती. पोरगी खुर्चीतच बसून रडली, आणि मला तिचा आवाज ऐकवेना म्हणून मी मशीन चालू केलं.

आता हे केलं कुणी? लोकांनी फार विचार केला नाही. खातं काढलं धनश्रीनं, उत्तर भरलं धनश्रीनं, म्हणजे तिनंच फोडलं. का फोडलं, तर म्हणे जळून. नकार गेला ती वेळ भर दुपारची होती, आणि त्या दुपारी शिरूरमध्ये भारनियमन. धनश्रीचं दुकान काळंकुट्ट होतं, हे मी शपथेवर सांगत होतो. तर म्हणे इन्व्हर्टर असेल. अरे बाबांनो, तिच्याकडं धड पंखा नव्हता! पण एकदा लोकांच्या तोंडी बसलं की बसलं. मुली यायच्या बंद झाल्या, मग त्यांचे भाऊ.

त्याच सुमारास पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऋता मॅडम तिच्याकडं येत असत. गावाकडची माणसं पासवर्ड कसे ठेवतात यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यांना हे कळलं तेव्हा त्या माझ्याकडं आल्या आणि रद्दीतल्या पत्रिका मागितल्या. मला वाटलं, बाईला वेड लागलं. पत्रिका घेऊन त्या दौंडला गेल्या. तिथल्या, आमच्याकडं कधी न आलेल्या पोरांना त्यांनी शिरूर तालुक्यातल्या माणसांची नावं दिली आणि म्हणाल्या, ह्यांच्या आईचं माहेर शोधा. अर्थात ज्यांची परवानगी घेतली होती त्यांचीच नावं. पोरांनी बहुतेक सगळी बरोबर सांगितली. मग इथल्या बाजारात त्यांनी लोकांनाच एकमेकांच्या आयांची माहेरं विचारली. इथं तर पत्रिकाही लागल्या नाहीत.

मॅडमचं म्हणणं असं की हे कुलूप ज्यानं बनवलं, त्याच्या डोळ्यांपुढं चोर परका होता. आमच्याकडं किल्ली अख्ख्या गावाच्या खिशात. त्यावर त्यांचा उपाय सोपा होता, उत्तर खोटं भरा. धनश्रीनं तशी सूचना लावली. एकानंही ऐकलं नाही. शितलला मॅडमनी स्वतः बसवून समजावलं. ती म्हणाली, “आईचं माहेर खोटं लिहायचं? माझा हात न्हाई वळत.” मॅडम वैतागल्या. पण प्रामाणिक बाई, त्यांनी तेही अहवालात लिहिलं: लोकांना खोटं बोलायला शिकवून उपयोग नाही, प्रश्नच काढून टाका.

तिकडं पुण्यात नेट कॅफेसाठी नियम करायला एक समिती बसली होती. तिच्या मसुद्यात असं कलम होतं की दुकानदारानं प्रत्येक गिऱ्हाइकाचा पासवर्ड स्वतःकडं ठेवावा, म्हणजे चौकशीला बरं. धनश्री ते वाचून पांढरी पडली. आधीच चोर म्हणतायत, आणि आता सगळ्यांच्या किल्ल्या हिच्याच हातात! मॅडमनी अहवाल समितीपुढं ठेवला. पासवर्ड हातात नसतानाही खातं उघडतं, मग ते गोळा करून चोर कसा सापडणार, एवढाच त्यांचा मुद्दा होता. गोळा केले तर चोरीला नवी जागा मात्र होईल. दोन बैठका खडाजंगी झाली म्हणतात. शेवटी कलम गेलं, आणि नव्या संकेतस्थळांनी असला प्रश्न विचारू नये अशी शिफारस आली. पुण्यात टाळ्या पडल्या. धनश्री मागच्या रांगेत बसून ऐकत होती.

पण शिरूरात अहवाल कोण वाचतो? मॅडमनी सिद्ध केलं की कुणीही उघडू शकतं. लोकांनी त्यातून एवढंच काढलं की धनश्रीही उघडू शकते. दुकान ओसच राहिलं. एके दिवशी हरिबा कॉम्प्युटर विकत घेईल असा माणूस घेऊनच आले. ते पोरीला रागावले नाहीत, काही नाही. त्या माणसाला वायरी कुठून सोडवायच्या ते दाखवत उभे राहिले. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाजारचा दिवस होता. झेंडूची पाटी रिकामी करून शितलची आई, रतनबाई, थेट कॅफेच्या पायरीवर आली. मागं शितल. समोर चहाच्या गाडीवर केंदूरची दहा-बारा माणसं उभी होती. रतनबाईनं त्यांना हाक मारून बोलावून घेतलं.

“माझ्या पोरीचं खातं माझ्या पोरानं उघडलं,” ती म्हणाली. “गोकुळनं. दौंडला कामाला हाय, तिथनं. भैन लांब जाऊ नये म्हणून. त्याच सांजंला मला सांगितलं त्यानं, आन् मी घरातली गोष्ट म्हणून गप बसले. ह्या पोरीकडं आता कुणी बोट दाखवू नका.”

गाडीवर चहा उतू गेला. हरिबांनी हातातली वायर खाली ठेवली. विकत घेणारा माणूस जरा वेळ घुटमळला आणि निघून गेला.

रतनबाई आत जाऊन बाकावर बसली. म्हणाली, शितलला नवीन खातं काढून दे, ती दुसरीकडं अर्ज करतीया. आता तिथं काय विचारतंय? धनश्री म्हणाली, “आता प्रश्न आपलाच आपण लिहायचा, मावशी. तुम्हा दोघींनाच ठाऊक असंल असं कायतरी.” रतनबाईनं जरा विचार केला. मग शितलला जवळ ओढून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. शितल आईकडं बघतच राहिली. मग ती हळूहळू टाईप करायला लागली.

धनश्री उठून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. पाटीवर लिहावं तसं अक्षर न् अक्षर तिच्यामागं पडद्यावर उमटत होतं, पण तिनं मान वळवली नाही. एरवी भिंतीपलीकडनं ऐकायचो, आता दारात उभा राहून मीही कान दिला होता, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी पहिल्यांदाच मला काही ऐकू आलं नाही.