विकता न येणारं घर

कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या डोंगराखाली आमच्या घरांची ओळ आहे. एकाला एक लागून असलेली विटांची, कौलारू घरं. थंडीच्या दिवसांत सकाळी धुकं इतकं खाली उतरतं की शेजारचं घर दिसत नाही. चुलीचा धूर आणि कुणाचं तरी खोकणं एवढ्यावरून ते तिथे आहे म्हणायचं. लहानपणी मला वाटायचं, धुकं आलं की आमची ओळ जमिनीवरून सुटते आणि हलकेच तरंगायला लागते. मग आई हाक मारायची, "उठ गं, पाणी तापलंय," आणि सगळी घरं पुन्हा आपापल्या जागी येऊन बसायची.

ही ओळ महिला मंडळाने उभी केली. मंडळ म्हणजे दुपारी बुद्धविहाराच्या पडवीत जमणाऱ्या बायका. आमच्या वस्तीतल्या, तशाच खालच्या आळीतल्या शेतकरी घरांतल्याही. भोवतालच्या जमिनी बंगल्यांसाठी विकल्या जाऊ लागल्या तशी खोल्यांची भाडी चढली, आणि भाड्याने राहणारी कुटुंबं एकेक करून गाव सोडू लागली. आज बरोबर खेळलेली मुलगी उद्या शाळेत नसायची. बायकांना हे सोसेना. त्यांनी रीतसर संस्था नोंदवली, दारोदार फिरल्या. खालच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या, निपुत्रिक बाईंनी आपली डोंगराच्या उताराची वरकस जमीन मंडळाला देऊन टाकली. म्हणाल्या, "हितं नाचणी पन धड येत नाय. मानसं तरी नांदू द्या."

मंडळाच्या अध्यक्षांना आम्ही सगळी मुलं काकी म्हणायचो. उंच, आवाजाने खणखणीत, पायात कायम रबरी चपला. घरं देताना त्यांनी अट सांगितली होती. जमीन मंडळाची, घर तुमचं. पोराबाळांसह पिढ्यान्‌पिढ्या राहा, पण विकायचं नाही. सोडून गेलात, तर घर मंडळाकडे येणार आणि गरज असेल त्याला मिळणार.

तेव्हा बाबांनी हसत मान डोलावली होती. ते चौक गावच्या गॅरेजात गाड्या दुरुस्त करायचे. घर बांधताना रोज कामावरून आले की विटा वाहायला लागायचे. आढ्याच्या लाकडात त्यांनी स्वतः एक जाड कडी ठोकली. पुढे तिलाच माझ्या धाकट्या भावाचा पाळणा टांगला.

काही वर्षांनी शेजारच्या माळावर बंगले झाले. एका रविवारी एक पांढरी गाडी आमच्या अंगणात येऊन थांबली. गाडीतल्या माणसाला इथून दिसणारा डोंगर फार आवडला होता. त्याने बाबांना विचारलं, घर द्यायचं का? बाबांनी नाही म्हटलं, कारण दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. पण तो प्रश्न गाडीबरोबर गेला नाही. त्यानंतर बाबा जेवताना मध्येच थांबायचे, भिंतीकडे बघत राहायचे.

एक दिवस ते पडवीत जाऊन काकींसमोर उभे राहिले. मी त्यांच्या मागे होते.

"वयनी, हे कसलं घर? इकता येत नाय म्हंजे आमचं कसं?"

काकी मिरच्यांची देठं काढत होत्या. "दादा, ऱ्हाता येतंय ना?"

"ऱ्हायला काय, धर्मशाळेत पन ऱ्हाता येतं."

काकींनी वर पाहिलं आणि पुन्हा देठं काढू लागल्या. मला वाटतं, तो शब्द त्यांना लागला. बाबांनाही तो तोंडातून निघाल्यावर लागला असावा. पण मागे घेतला नाही.

त्याच उन्हाळ्यात घर मंडळाच्या हवाली करून आम्ही खालापूरला गेलो. टोलनाक्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये बाबांना काम मिळालं होतं. तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली, आणि खिडकीतून दूरवर एक्सप्रेसवे. संध्याकाळी गाड्यांचे दिवे लागले की त्या रस्त्याची नदी व्हायची. एक काठ पांढरा, एक काठ लाल. मी आणि भाऊ खिडकीत हनुवटी टेकवून बघत बसायचो. ती नदी कुठेही थांबत नव्हती, आणि तिच्या काठी आमच्या ओळखीचं कुणी राहत नव्हतं.

आई एका शाळेत स्वयंपाकाला जायची. एकदा मला ताप भरला. आईला कामावर जाणं भाग होतं, आणि मला कुणाकडे ठेवावं हे तिला कळेना. जिन्यात उभी राहून तिने समोरच्या बंद दारांकडे पाहिलं, एका दाराची कडी वाजवायला हात उचलला, आणि खाली घेतला. मग मला चादरीत गुंडाळून बरोबरच घेऊन गेली. शाळेच्या कोठीत तांदळाच्या पोत्यांवर मी तापात निजले होते आणि मला आमची ओळ दिसत होती. सगळी दारं उघडी, आणि धुक्यातून कुणीतरी पेजेची वाटी घेऊन येत होतं. चेहरा काही दिसला नाही.

पुढे घरमालकाने त्याच्या भाच्यासाठी खोली रिकामी करायला सांगितली. दुसरी मिळाली, तीही थोडे महिने. मग वर्कशॉपच बंद झालं. एका सकाळी आईने मला उठवलं, आणि आम्ही दोघी एसटीने कर्जतला, तिथून रिक्षाने कोंडाण्याला आलो.

आमच्या दाराला निळा पडदा होता. आत एक तरुण बाई राहत होती. जवळच्या रिसॉर्टमध्ये भांडी घासायची. नवरा सोडून गेलेला, पदरी तान्हं बाळ. आम्ही कोण ते कळल्यावर ती गडबडून उठली, आम्हाला बसायला चटई दिली, चहा टाकला. आमच्याच घरात आम्ही पाहुण्यांसारख्या बसलो होतो. आढ्याच्या त्या कडीला साडीची झोळी बांधली होती आणि झोळी आपोआप, अगदी संथ हलत होती.

"ताई," ती म्हणाली, "घर तुमचं हाय. मी जाते म्हायेरी. तितं जागा नाय, पन बगीन कसं तरी."

आई झोळीकडे बघत होती.

"नको गं," ती म्हणाली. "बाळ निजलंय."

तेवढंच बोलली आणि चहा संपवून उठली.

काकी पडवीतच होत्या. आईने काही सांगायच्या आधी त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं. "एकीला उटवून दुसरीला बसवायचं, असं मंडळ करनार नाय," त्या म्हणाल्या. "पन वरच्या अंगाला जागा हाय अजून. बांदू की. तवर इहाराच्या मागची खोली घ्या."

"ह्यांनी तवा असं बोलून घेतलं तुमाला, आनि तरी..." आई म्हणाली.

"मानूस घरावरनं बोलतो तवा घाबरलेला असतो गं. त्याचं काय धरून बसायचं?"

बाबा सामान घेऊन टेंपोतून आले तेव्हा मान खाली होती. ओळीतले सगळे बाहेर आले. एकाने कपाट धरलं, एकाने गॅसची टाकी. काकी घमेलं घेऊन आल्या आणि बाबांच्या हातात दिलं. "दादा, पाया खनायला घेतलाय. माती उचला."

बाबांनी घमेलं घेतलं. "वयनी, मी तवा..."

"माती उचला आदी."

विहारामागच्या खोलीत आम्ही ते दिवस काढले. पहाटे पलीकडून वंदनेचे सूर भिंतीतून झिरपत यायचे, आणि झोप व जाग यांच्या मध्ये मी त्यांच्यावर पडून राहायचे, पाण्यावर पान असावं तशी. दिवसा घर वाढत होतं. रविवारी सगळी ओळ कामाला यायची. ती तरुण बाई झोळी आंब्याच्या फांदीला बांधून विटांवर पाणी मारायची. कौलं चढली त्या दिवशी शेतात वालाच्या शेंगा मडक्यात भाजायची पोपटी लावली. मडक्यातून भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटला, आणि बाबा कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसले.

आता मी कर्जतच्या एका दवाखान्यात नोकरी करते आणि वरच्या अंगाला बांधलेल्या, ओळीतल्या त्याच शेवटच्या घरात राहते. काकी थकल्या आहेत. मंडळाचं बरंचसं काम आई बघते. नवीन कुटुंब आलं की जागा दाखवायला बाबा जातात. परवा एका जोडप्याला ते सांगत होते, "इकता येनार नाय. हे आदी आयका, मंग घर बगा." नवऱ्याने विचारलं, मग यात आपलं काय? बाबांनी माळाकडे पाहिलं. माळावरचे बंगले बंद होते, आठवड्याच्या मधल्या दिवशी असतात तसे. आमच्या ओळीत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी कुणाला हाक मारली.

"ऱ्हाऊन बगा," बाबा म्हणाले. "मला पन येळ लागला."