गॅरेजच्या समोर, तिसरा मजला

आमच्या खोपटच्या गल्लीत पाटीवरचा पत्ता कोणीच सांगत नाही. ‘गिरणीच्या मागे’, ‘गॅरेजच्या समोर’, ‘लाँड्रीच्या वर’ असंच सांगायचं. त्यातली गिरणी गेली, तिथे मोबाइलचं दुकान आलं. लाँड्रीवाली इमारत पाडली. आणि गॅरेजच्या जागी टाइल्सचं शोरूम उभं राहिलं. आत एसी, बाहेर वॉचमन, गिऱ्हाईक औषधालाही दिसत नाही. पण गल्लीतल्या कोणी पत्ता बदलला असेल तर शपथ!

गॅरेज म्हणजे तरी काय, पत्र्याची शेड. जागा इथल्याच जुन्या शेतकरी कुटुंबाची, मिस्त्री भाड्याने. डेपोत शिरणाऱ्या एसट्यांची घरघर आणि ह्याची ठोकाठोक, दोन्ही दिवसभर चालू. लग्न होऊन आले तेव्हा मला नुसता वैताग आलेला. दुपारी डोळा लागेल तर ना! मग हळूहळू कळलं, की निम्म्या गल्लीच्या किल्ल्या ह्याच्याकडे खिळ्याला टांगलेल्या असतात. मी बाजारात अडकले की आमचा मुलगा शाळेतून थेट तिथे जायचा, कुठल्यातरी गाडीच्या काढून ठेवलेल्या सीटवर बसून उरलेला डबा खायचा. ह्यांची स्कूटर पावसाळाभर रुसलेली. मिस्त्री हातातला चहा बाजूला ठेवून आधी तिला किक मारायचा आणि म्हणायचा, ‘साहेब, तुम्ही ऑफिसला जा, संध्याकाळी बघू.’ संध्याकाळी कधी काही बघितलं नाही त्याने, पण स्कूटर चालली, हे मात्र खरं.

पुढे मालकांनी जागा विकली. मिस्त्री मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेला. मग आमचीही इमारत पाडून नवीन झाली. आम्ही पुन्हा तिसऱ्याच मजल्यावर आलो, लिफ्ट मिळाली, आणि बिल्डरने बिल्डिंगला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं. ते मला आजही एका दमात म्हणता येत नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी जेवण झाल्यावर हे पाटावरून उठले आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. सगळा घाम. हात छातीवर. ‘अहो, काय होतंय?’ मी बाहेर धावले. शेजारचं दार बंद, दोघंही कामावर. मी अँब्युलन्सला फोन लावला आणि पत्ता विचारल्यावर जे अनेक वर्षं सांगत आलेय तेच सांगितलं, ‘खोपट, डेपोच्या मागची गल्ली, गॅरेजच्या समोर, तिसरा मजला.’ बिल्डिंगचं नाव विचारलं तर मला आठवेचना! इतकी घाबरलेले, की जुन्या इमारतीचंच नाव तोंडात आलं.

थोड्या वेळाने अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचा फोन. ‘मॅडम, मी डेपोपाशी फिरतोय. इथे गॅरेजच नाहीये. लोकेशन पाठवा ना!’ मला कुठलं ते पाठवता येतंय! ‘अरे, आहे रे बाबा, पत्र्याचं आहे, समोरच आहे!’ मी ओरडत होते. खिडकीतून शोरूमच्या काचा ढळढळीत दिसत होत्या, तरी डोक्यात काही शिरत नव्हतं. ह्यांचे ओठ पांढरे पडत चालले होते.

तेवढ्यात फोनमध्ये दुसराच आवाज ऐकू आला. ड्रायव्हरने गाडी रिक्षास्टँडपाशी थांबवून विचारलं असणार. ‘कुठलं रे, मिस्त्रीचं गॅरेज? मग असं सांग ना! चल, माझ्या मागे ये.’ आणि रिक्षा सुरू झाल्याचा आवाज. मी ह्यांचा हात धरून नुसतं ‘आले, आले’ म्हणत राहिले.

तो रिक्षावाला वरपर्यंत आला. पांढरे केस, खाकी शर्ट. स्ट्रेचरची एक बाजू त्यानेच धरली. मी चपला शोधत होते तर म्हणाला, ‘ताई, राहू दे चपला, चला.’ मी अनवाणी गेले.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. ऑफिसमधून धावत आलेला आमचा मुलगा माझ्यावरच खेकसला, ‘आई, अगं गॅरेज जाऊन किती वर्षं झाली!’ मी म्हटलं, ‘गप रे, तुझे बाबा वाचलेत ते त्याच गॅरेजमुळे.’

हे घरी आल्यावरही औषधं, पथ्य, पाहुणे ह्यांत दिवस गेले. मग एका सकाळी पेढे घेऊन मी स्टँडवर गेले. रांगेतल्या शेवटच्या रिक्षाला टेकून तो उभा होता. मी जवळ जाऊन म्हटलं, ‘दादा, ओळखलंत का?’

ओळखलं त्याने. पण हसला नाही. हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडे बघितलंच नाही. माझ्या कपाळाकडे बघितलं, मग गळ्याकडे, आणि तरीही भीत भीत विचारलं, ‘साहेब... आहेत ना?’

इतके दिवस ह्या माणसाला कोणी काही कळवलंच नव्हतं.

‘आहेत हो,’ मी म्हटलं, आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं. ‘घरीच आहेत. दुधीच्या भाजीत मीठ नाही म्हणून मला बोलतायत.’

‘बोलू दे, ताई,’ तो म्हणाला, आणि मग कुठे त्याने पेढा घेतला.